ग्रेगोरियन गायनात ग्रेगरी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका कार्यक्रमाचं निवेदन तुम्हाला लिहायचं आहे आणि त्यात एक गट लॅटिन ग्रेगोरियन चांट, म्हणजे कॅथलिक उपासनेतलं जुनं, एका आवाजाचं गाणं, गाणार आहे. एका माहितगाराने सांगितलं की सहाव्या शतकात पोप ग्रेगरींनी या चाली बांधल्या. दुसरा म्हणाला, ती निव्वळ थाप आहे. तिसऱ्याने सल्ला दिला की ग्रेगोरियन म्हणूच नका, प्लेनचांट म्हणा. तुम्ही स्वतः हिंदुस्थानी गाणं शिकता, म्हणून विचारताय की रचलं कुणी, नाव कुणाचं आणि निवेदनात लिहायचं काय.

मी हे गाणं गातो, शिकवतो आणि अशी निवेदनंही लिहीत आलोय. घोळ होतो तो एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबल्यामुळे. गाण्यांचे शब्द कुठे निवडले गेले, चालींना आजचं रूप कुठे मिळालं, आणि ग्रेगरीचं नाव त्यांना कधी चिकटलं, या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या शतकांत सापडतात. तुमचे दोन्ही माहितगार एकेका तुकड्यापुरते बरोबर आहेत आणि उरलेल्यात चुकताहेत.

आधी एक अट. उत्तर बरंचसं तुमच्या कार्यक्रमाच्या यादीवर अवलंबून आहे. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, दोन प्रकारची गाणी असतात. काही त्या त्या दिवसाची, म्हणजे त्या रविवारी किंवा त्या सणालाच गायची: प्रवेशगीत, ग्रॅज्युअल (वाचनानंतरचं गीत), आलेलुया, अर्पणगीत, कम्युनियनचं (पवित्र भाकर घेतानाचं) गीत. काही कायमच्या शब्दांची: किरिये, ग्लोरिया, क्रेदो वगैरे. जुना गाभा आहे तो पहिल्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारातल्या चाली पुढच्या शतकांत भरत गेल्या. खाली मी लिहितोय ते मुख्यतः त्या जुन्या गाभ्याबद्दल.

आता ग्रेगरी. पहिले ग्रेगरी ५९० ते ६०४ या काळात पोप होते. त्यांची साडेआठशेच्या आसपास पत्रं शिल्लक आहेत. धान्य, जमिनी, इटलीत घुसलेल्या लोम्बार्ड टोळ्यांची स्वारी, बिशपांची भांडणं असं सगळं त्यांत येतं. गाण्याबद्दल मात्र फार थोडं. ५९८ साली सिराक्यूजचे बिशप जॉन यांना लिहिलेल्या पत्रात ते एका तक्रारीला उत्तर देतात. तक्रार अशी की तुम्ही रोमच्या उपासनेत कॉन्स्टँटिनोपलची नक्कल करता. त्यावर आलेलुया कधी म्हणायचा, किरिये कसं म्हणायचं, याचा ते खुलासा करतात. चाल रचल्याचा उल्लेख त्यात नाही.

दुसरा पुरावा तर उलट्या दिशेचा आहे. ५९५ साली रोमला भरलेल्या धर्मसभेत ग्रेगरींनी डीकनांना, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकांना, गाण्याची मनाई केली. कारण दिलं ते असं की आवाज गोड म्हणून माणसं डीकन नेमली जातात, मग ती आवाज जपत बसतात आणि उपदेश व दानधर्म ही खरी कामं मागे पडतात. डीकनांनी मिस्सेत फक्त शुभवर्तमान वाचावं, स्तोत्रं खालच्या पायरीच्या उपडीकनांनी म्हणावीत, असा तो हुकूम. संगीताचा आश्रयदाता म्हणून ज्यांची मूर्ती उभी राहिली त्यांचा गाण्याशी सगळ्यात ठाम संबंध सांगणारा कागद हा असा आहे. मला तो फार आवडतो. शिकवताना पहिल्या तासालाच सांगतो.

मग रोममध्ये काही घडलंच नाही का? घडलं, पण बहुतेक ग्रेगरींनंतर. पोपचा पगारी, शिकवलेला गायकवर्ग, म्हणजे स्कोला कांतोरुम, याचा भरवशाचा माग सातव्या शतकाच्या उत्तरार्धात लागतो. ६८७ ते ७०१ पोप असलेले सर्जियस लहानपणी गायकांच्या प्रमुखाकडे शिकायला सोपवले होते, असं पोपांच्या चरित्रकोशात लिहिलंय. साधारण त्याच सुमारास, ६८० च्या आसपास, सेंट पीटर्सचे मुख्य गायक जॉन इंग्लंडमध्ये वेअरमथच्या मठात गेले आणि वर्षभराची गाणी तोंडी शिकवून आले. हे बीड या इंग्लिश मठवासी इतिहासकाराने नोंदवलंय. म्हणजे तोवर रोमकडे बाहेर पाठवण्याजोगा, वर्षभराचा ठरलेला संच होता.

याहून सुंदर पुरावा गाण्यांच्या क्रमातच दडलाय. इस्टरआधीच्या उपवासकाळातली कम्युनियनची गीतं घ्या. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रातली ओळ येते. शुक्रवारी दुसऱ्या स्तोत्रातली. पुढच्या आठवड्यात सोमवारी तिसरं, मंगळवारी चौथं, बुधवारी पाचवं, शुक्रवारी सहावं, शनिवारी सातवं. असं चढत चढत झावळ्यांच्या रविवारच्या (इस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या शुक्रवारी लॅटिन बायबलच्या क्रमांकाने २६ वं स्तोत्र येतं. मध्ये काही जागी स्तोत्राऐवजी शुभवर्तमानातली ओळ घातलीये, पण जिना स्पष्ट दिसतो. आता गंमत बघा: गुरुवार या क्रमात नाहीतच. गुरुवारची गीतं वेगळ्याच ठिकाणची आहेत, पुष्कळशी इतर दिवसांवरून उसनी आणलेली. कारण रोममध्ये उपवासकाळातल्या गुरुवारी पूर्वी मिस्साच नसे. ती सुरू केली दुसऱ्या ग्रेगरींनी, म्हणजे ७१५ ते ७३१ या काळातल्या पोपनी. याचा अर्थ जिना त्याआधी बांधून झाला होता. कुणीतरी बसून, पुढेमागे बघून, वर्षाचा आराखडा आखला होता. पहिल्या ग्रेगरींनी तो आखला असं यातून सिद्ध होत नाही, पण तो रोममध्ये आणि ७१५ च्या आधी झाला हे बऱ्यापैकी पक्कं होतं. जेम्स मॅकिनन या अभ्यासकाने २००० साली मांडलं की हे मोठं काम सातव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कोलाच्या गायकांनी केलं. मला ते पटतं, कारण असा जिना रोज गाणाऱ्या माणसालाच सुचतो.

शब्द रोमचेच, याला आणखी एक आधार आहे. या गीतांतल्या स्तोत्रांच्या ओळी बहुधा रोममध्ये चालणाऱ्या जुन्या लॅटिन भाषांतरातल्या आहेत. आल्प्सच्या उत्तरेला पुढे वेगळं भाषांतर रूढ झालं, तरी गाण्यातला मजकूर तिकडेही रोमचाच राहिला.

चालींची गोष्ट मात्र आल्प्सच्या पलीकडे जाते. ७५४ च्या जानेवारीत पोप स्टीफन दुसरे लोम्बार्डांविरुद्ध मदत मागायला फ्रँकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या लोकांचा, राजा पेपँकडे गेले. सोबत त्यांचे पाद्री आणि गायक होते. त्यांना आणायला गेलेल्यांत मेत्झचे बिशप क्रोडेगांग होते. त्यांनी आपल्या पाद्र्यांना रोमची पद्धत शिकवली आणि मेत्झ हे गाण्याचं मोठं ठाणं झालं. पुढे पोप पॉल पहिले यांनी पेपँला गाण्याची पुस्तकं पाठवली. त्यांच्या स्कोलातला सिमिऑन नावाचा दुय्यम प्रमुख पेपँच्या भावाकडे, रूआँला, शिकवायला गेला आणि शिकवणं अर्धवट असतानाच रोमने त्याला परत बोलावलं. ७८९ साली पेपँचा मुलगा शार्लमेन याने फर्मान काढलं की सगळ्या पाद्र्यांनी रोमची गायकी नीट शिकावी, कारण माझ्या वडिलांनी गॅलिकन (फ्रँकांच्या मुलुखातली जुनी) पद्धत बंद केली ती पोपच्या पीठाशी एकमत राखण्यासाठी.

या फर्मानात कुठेही सुरांची खूण नाही, कारण सूर लिहिण्याची पद्धत अजून आलीच नव्हती. रोमहून आली ती पुस्तकं फक्त शब्दांची. त्या काळाची, ८०० च्या आगेमागची जी हस्तलिखितं आज आहेत त्यांतही नुसता मजकूर आहे. सूर गळ्यातून गळ्यात जायचे. तुम्ही तालमीत शिकलाय, तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको: शेकडो गीतं परक्या शिक्षकाकडून ऐकून शिकलेला, स्वतःची गॅलिकन गायकी कानात मुरलेला फ्रँक गायक ती आपल्या अंगाने गाणार. त्यात फ्रँकांनी पूर्वेकडच्या बायझंटाईन परंपरेतून आठ स्वरप्रकारांची चौकट घेतली होती आणि प्रत्येक गीत या आठांपैकी कुठल्या तरी खणात बसवायला घेतलं होतं.

फरक पडल्याचं त्याच काळातल्या लोकांनाही कळत होतं. ८३१ च्या सुमारास मेत्झच्या आमालार या धर्मपंडिताने आपली पुस्तकं रोमच्या पुस्तकांशी ताडून पाहिली आणि तफावत पाहून तो चक्रावला. दोष कुणाचा, यावर दोन्हीकडून चविष्ट गोष्टी निघाल्या. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठातली गोष्ट सांगते की रोमने बारा गायक पाठवले, पण त्यांनी मत्सरापोटी ठिकठिकाणी मुद्दाम वेगवेगळं शिकवलं. उलट रोमचे जॉन डीकन लिहितात की उत्तरेकडच्यांचे दारूने घोगरे झालेले गळे नाजूक वळणं पेलूच शकत नाहीत, त्यांचा आवाज पायऱ्यांवरून गडगडत येणाऱ्या गाड्यांसारखा येतो. दोघांचीही साक्ष मी गंभीरपणे घेत नाही, पण दोन गावांत एकच गाणं सारखं वाजत नव्हतं एवढं दोघंही कबूल करतात.

सूर कागदावर आले ते फ्रँकांच्या मुलुखात, नवव्या शतकात. पूर्ण संचाची सुरांच्या खुणांसह हस्तलिखितं दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतात, त्यांत लाँ आणि सेंट गाल इथली दोन मी रोज वापरतो. त्यांत स्वराची उंची नेमकी कळत नाही. आवाज वर गेला की खाली, कुठे रेंगाळायचं, कुठे झरझर जायचं एवढं कळतं. ज्याला गाणं आधीच पाठ आहे त्याच्यासाठीच ती खूण. रेघांवर स्वर मांडायची सोय आरेत्झोच्या ग्विदोने १०२५ नंतरच्या काही वर्षांत रूढ केली.

आणि रोमची मूळ चाल? तीही सापडली. रोममध्ये ११ व्या ते १३ व्या शतकांत लिहिलेली पाच हस्तलिखितं आहेत, त्यांतलं सर्वांत जुनं १०७१ सालचं, त्रास्तेवेरेतल्या सांता चेचिलिया चर्चचं. त्यांत दिवस तेच, शब्द जवळपास तेच, पण चाली वेगळ्या. १८९१ च्या सुमारास फ्रान्समधल्या सोलेमच्या मठवासींचं तिकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांना ती बिघडलेली आवृत्ती वाटली. १९५० मध्ये ब्रुनो श्टेब्लाइन यांनी तिला जुनी रोमन असं नाव दिलं आणि वादाला तोंड फुटलं.

आगमनकाळाच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारचं प्रवेशगीत, आद ते लेवावी, मी विद्यार्थ्यांकडून दोन्ही चालींत लागोपाठ गाऊन घेतो. दोन्हींचा सांगाडा एकच आहे हे लगेच ऐकू येतं: त्याच शब्दांवर चढ, त्याच जागी विसावा. पण जुनी रोमन चाल शेजारच्या स्वरांतून सतत नागमोडी फिरते, एकाच छोट्या वळणाकडे पुनःपुन्हा येते. ग्रेगोरियन चाल मोकळ्या उड्या घेते, टेकण्याचे स्वर ठसठशीत दाखवते, आणि स्वरप्रकार ओळखता येतो. अभ्यासकांत अजून वाद आहे. हेल्मुट हुके यांच्यासारखे म्हणतात की फ्रँकांनी रोमची चाल आपल्या कानाने बदलली. इतरांचं म्हणणं असं की रोममध्येही ती तीनशे वर्षं तोंडीच होती, तेव्हा ११ व्या शतकात लिहिलेली रोमन चालही आठव्या शतकाची हुबेहूब प्रत नव्हे. गाताना मला दोन्ही खरं वाटतं. उड्या आणि ठसठशीत शेवट ही फ्रँकांची देणगी, आणि रोमन चालीतला तो अखंड वेलबुट्टीचा सोस बराचसा नंतर वाढलेला.

म्हणजे आतापर्यंत: शब्द आणि वर्षाचा आराखडा सातव्या शतकातला रोमचा, चालीला आजचं रूप आठव्या-नवव्या शतकात फ्रँकांकडे. यात पहिल्या ग्रेगरींचं नाव कुठेच येत नाही. ते कसं चिकटलं हा तिसरा भाग, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो.

बी इंग्लंडमध्ये पेरलं गेलं. ग्रेगरींनी ५९६ साली ऑगस्टीन नावाच्या मठवासीला इंग्रजांच्या धर्मांतरासाठी पाठवलं होतं, त्यामुळे ते तिथे अतिपूज्य. आठव्या शतकात यॉर्कचे बिशप एग्बर्ट लिहितात की आमच्याकडची गाण्याची आणि मिस्सेची पुस्तकं ग्रेगरींची, ऑगस्टीनने आणलेली. ही श्रद्धा इंग्लिश धर्मप्रसारकांबरोबर युरोपात उतरली. पोप हेड्रियन पहिले यांनी शार्लमेनला मिस्सेच्या प्रार्थनांचं जे पुस्तक पाठवलं त्यावरही ग्रेगरींचंच नाव होतं. गाण्यांच्या पुस्तकांच्या आरंभी एक छोटं पद्य यायला लागलं: गुणाने आणि नावाने थोर अशा ग्रेगरी धर्माध्यक्षांनी पूर्वजांचा वारसा नव्याने सावरून स्कोलासाठी हे गाण्याचं पुस्तक केलं. हा ग्रेगरी पहिला की दुसरा, यावर आजही दोन मतं आहेत, कारण पद्यात आकडा नाही. फ्रँक वाचकाने अर्थातच थोरला धरला. नवव्या शतकाच्या मध्याला पोप लिओ चौथे एका मठाधिपतीला दटावतात की ग्रेगोरियन गाण्याच्या गोडीला नाक मुरडू नका, नाहीतर बहिष्कार. हे नाव गायकीला लावल्याच्या अगदी जुन्या दाखल्यांपैकी हा एक.

८७० च्या दशकात वर उल्लेखलेल्या जॉन डीकन यांनी ग्रेगरींचं मोठं चरित्र लिहिलं, आणि दंतकथा पूर्ण झाली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ग्रेगरींनी गीतांचा संग्रह संकलित केला, स्कोला स्थापन केली, आणि ज्यावर पहुडून ते पोरांना शिकवत तो पलंग, धाक दाखवायची छडी आणि मूळ पुस्तक लॅटरनमध्ये, पोपच्या रोममधल्या वाड्यात, अजून जपून ठेवलं आहे. ग्रेगरींना जाऊन तेव्हा पावणेतीनशे वर्षं होत आली होती.

तुम्ही कदाचित ते चित्र पाहिलं असेल: ग्रेगरींच्या खांद्यावर पांढरं कबुतर बसून कानात सांगतंय आणि शेजारी लेखनिक लिहून घेतोय. सेंट गालच्या हार्टकर नावाच्या मठवासीने साधारण १००० साली लिहिलेल्या गीतपुस्तकात ते आहे. पण हे कबुतर मुळात गाण्याचं नाहीच. आठव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या मठात लिहिलेल्या चरित्रात ते येतं तेव्हा ग्रेगरी यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर प्रवचनं रचत असतात. गाण्याच्या पुस्तकात ते नंतर आणून बसवलं.

याला थाप म्हणायचं का? मी म्हणणार नाही. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग शिरले तेव्हा तिथे कुणी बनवाबनवी करत नव्हतं. नावाच्या छत्राखाली परंपरा गोळा होते. इथे मात्र राजकारणही होतं, हे लपवू नये. मेत्झ, रूआँ, मिलान आणि स्पेन यांना एकच गाणं गायला लावायचं तर ते फ्रँक दरबारात घडलंय असं सांगून कोण ऐकणार? पवित्र आत्म्याने पोपच्या कानात सांगितलं, यावर वाद घालता येत नाही. तो शिक्का इतका चालला की स्पेनची जुनी गायकी १०८० च्या सुमारास बाजूला पडली, गॅलिकन जवळपास नष्ट झाली, आणि अखेर रोमनेही आपली जुनी चाल सोडून उत्तरेहून आलेली ही ग्रेगोरियन चाल घेतली. मिलान तेवढं अडून राहिलं, कारण त्यांच्यापाशी त्यांचे संत अँब्रोज होते. तिथली अँब्रोजियन गायकी आजही आहे.

प्लेनचांट हा शब्द वेगळ्या गरजेतून आला. बाराव्या-तेराव्या शतकात पॅरिससारख्या ठिकाणी अनेक आवाजांचं, मापात बांधलेलं संगीत वाढलं. त्याच्यापासून वेगळं दाखवायला या एका आवाजाच्या, बिनमापाच्या गाण्याला कांतुस प्लानुस म्हणजे सपाट गाणं म्हणू लागले. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं तेही कांतोशांव याच नावाने. तेव्हा प्लेनचांट ही मोठी जात; ग्रेगोरियन, अँब्रोजियन, जुनी रोमन या तिच्या शाखा. तिसऱ्या माहितगाराचा सल्ला चूक नाही, पण त्याने माहिती वाढत नाही, कमी होते.

ग्रेगोरियन हे नाव आज जगभर पक्कं आहे ते बरंचसं एकोणिसाव्या शतकामुळे. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठाने जुनी हस्तलिखितं ताडून चाली पुन्हा उभ्या केल्या. १९०३ च्या नोव्हेंबरात, ग्रेगरींच्या निधनाला १३०० वर्षं पूर्ण होण्याच्या तोंडावर, पोप पायस दहावे यांनी या गायकीला चर्चसंगीताचा मानदंड ठरवलं, आणि १९०८ साली व्हॅटिकनचं अधिकृत गीतपुस्तक आलं. गंमत म्हणजे ग्रेगरींच्या कर्तृत्वावर विद्वानांचा संशय तेव्हा उघड होता; बेल्जियन संगीतज्ञ गेव्हार्ट यांनी १८९० मध्येच तो जोरात मांडला होता.

आता निवेदन. ग्रेगोरियन हे नाव बिनधास्त वापरा, पण रचनाकाराच्या जागी ग्रेगरींना बसवू नका. मी असं लिहीन: "सातव्या शतकातल्या रोमच्या गायकांनी शब्द आणि वर्षाची मांडणी ठरवली, पुढच्या दोन शतकांत फ्रँकांच्या मुलुखात चालींना आजचं रूप आलं, आणि आदरापोटी त्यावर पोप ग्रेगरींचं नाव आलं." सहावं शतक हा शब्द गाळा.

आणि छापायला देण्याआधी गटप्रमुखाकडून यादी मागवा. त्यात सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी असतील तर तारखा फार पुढे सरकतात. साल्वे रेजिना ११ व्या शतकाच्या आसपासचं, दिएस इरे १३ व्या शतकाच्या सुमाराचं, मिस्सा दे आंजेलिसचं किरिये १५-१६ व्या शतकातलं, आणि ज्याला सगळे क्रेदो तिसरा म्हणतात ते तर सतराव्या शतकातलं, म्हणजे तुकोबांच्या काळातलं. गटप्रमुखाला शक्य असेल तर आगमनकाळाचं ते आद ते लेवावी यादीत घ्यायला सांगा आणि सुरुवातीलाच ठेवा. जुन्या गीतपुस्तकांचं पहिलं गीत तेच आहे, आणि ते ग्रेगरींचं पद्य त्याच्याच डोक्यावर लिहिलेलं असे.